कॅनडाचे सीनण्णा

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात एक जुलैला दरवर्षी रजा टाकणारा एकच माणूस होता. रजेच्या अर्जात कारण लिहायला एक ओळ असते. तिथे बाकीचे ‘प्रकृती बरी नाही’ किंवा ‘घरगुती काम’ असं लिहायचे. श्रीनिवासराव जगताप लिहायचे, ‘माझ्या देशाचा राष्ट्रीय दिवस’. मी टायपिस्ट म्हणून नवीनच लागले होते. अर्ज हातात आला तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचा तारखेत घोळ झालाय. मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि हळूच म्हणाले, “सर, पंधरा ऑगस्टला अजून दीड महिना आहे.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. “ते तुमचं,” ते म्हणाले. “हे माझं.”

त्यांना सगळे सीनण्णा म्हणत. कानडीत श्रीनिवासचा सीना होतो, त्याला अण्णा जोडला की झालं. शहरातल्या चामराजपेटेतलं त्यांचं घराणं इतकं जुनं, की आपले पूर्वज महाराष्ट्रातल्या कुठल्या गावातून आले हे त्यांच्यातल्या कुणालाच सांगता येत नव्हतं. मराठी बोलत ते निम्मं कानडी घालून. “स्वल्प थांब,” म्हणत, “सरी, बघू या” म्हणत; सरी म्हणजे बरं. मी निपाणीची. माझं मराठी त्यांना छापील वाटायचं. “तुझं ऐकलं की शाळेत बसल्यागत होतंय बघ,” असं ते म्हणत. इतका इथला माणूस, आणि खिशात पासपोर्ट मात्र कॅनडाचा.

कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते. तयार झालेला प्रत्येक जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, त्यांच्या हाताखालून जायचा. नकाशात जे माप लिहिलंय त्याहून केसभर कमी-जास्त असलं तरी ते तो बाजूला ठेवत, आणि त्यासाठी कधी आवाज चढवत नसत. लेथवरचे लोक विनवायचे, “सीनण्णा, एवढं चालतंय की हो. कुणाला कळणार?” त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, “मला कळलं ना.” मालक त्यांच्यावर चिडायचे आणि त्यांच्याच जोरावर परदेशी ऑर्डरी मिळवायचे.

पंधरा ऑगस्टला कारखान्याच्या अंगणात झेंडा लागायचा. सीनण्णा वेळेवर यायचे, शेवटच्या रांगेत ताठ उभे राहायचे, पण राष्ट्रगीत म्हणायचे नाहीत. ओठसुद्धा हलवायचे नाहीत. हे लोकांना खुपायचं. शिवलिंगप्पा नावाचे आमचे शॉप सुपरवायझर होते, मनाने साफ पण तोंडाने फटकळ. त्यांनी एकदा सरळ विचारलं. सीनण्णा म्हणाले, “दुसऱ्याच्या घरी गेलो तर देवाला हात जोडावेत. पूजा सांगायला बसू नये.”

“हे दुसऱ्याचं घर?” शिवलिंगप्पा म्हणाले. “तुमची नाळ इथं पुरलेली.”

“नाळ पुरली ती आईनं. मला कुठं विचारलं होतं?”

माझी त्यांची ओळख वाढली ती पत्रांमुळे. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी येऊन बसत आणि म्हणत, “नोडम्मा, एक पत्र करून देतीस का?” नोडम्मा म्हणजे हे बघ बाई. ते इंग्रजीत सांगत, मी टाइप करत असे. पत्रं जायची कॅनडाला: कधी मंत्र्याला, कधी खासदाराला, कधी एखाद्या वर्तमानपत्राच्या संपादकाला. मजकूर थोड्याफार फरकाने एकच असायचा. पहिल्या पत्राच्या वेळी ते सांगत होते, “माझी मुलगी चारुलता, वय तेरा, कॅनेडियन नागरिक,” आणि मी माझ्या हुशारीने ‘भारतीय वंशाची कॅनेडियन नागरिक’ असं टाइप केलं. मला वाटलं, वाचणाऱ्याला जास्त स्पष्ट होईल.

त्यांनी कागद वाचला, आणि जॉब बाजूला ठेवावा तसा बाजूला ठेवला. “पुन्हा कर,” म्हणाले. “वंश काढ.”

“पण सर, खरंच आहे ना ते?”

“तिच्या वर्गात एक पोरगी होती, तिचे आजोबा स्कॉटलंडहून आलेले. ती मेली असती तर स्कॉटिश वंशाची म्हणून छापलं असतं? नसतं छापलं. आमच्या पोरीलाच तेवढं शेपूट कशाला?”

तेव्हा मला त्यांची गोष्ट ठाऊक नव्हती. ती त्यांनी कधी बसून सांगितली नाही. पत्रं टाइप करता करता वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी कळत गेली.

ऐन पंचविशीत कारखान्याची अवजारं घडवणारा कारागीर म्हणून ते मॉन्ट्रियलला गेले. दोन वर्षांनी येऊन लग्न केलं आणि तुंगाक्कांना घेऊन गेले. चारू तिथेच जन्मली. ती घरात बेंगळुरी मराठी बोलायची, शाळेत इंग्रजी, आणि जिन्यावर खेळताना फ्रेंच. एका उन्हाळ्यात मायलेकी सुट्टीला इकडे यायला निघाल्या. सीनण्णांना कारखान्यातून रजा मिळाली नव्हती, ते पंधरा दिवसांनी येणार होते. त्यांनीच दोघींना विमानतळावर सोडलं. त्या विमानात बाँब होता. आयर्लंडच्या अलीकडे ते समुद्रात पडलं, कुणीही वाचलं नाही. सीनण्णा आयर्लंडला गेले. तुंगाक्का सापडल्या. चारू सापडली नाही.

हे त्यांनी मला सांगितलं ते सरळ आवाजात, जसं पत्रात घालायचं तसं. त्यांचा आवाज हलायचा तो पुढच्या भागापाशी. विमानातले बहुतेक लोक कॅनडाचे नागरिक होते. पण तिथल्या सरकारच्या प्रमुखाने सांत्वनाचा फोन केला तो भारताच्या पंतप्रधानांना. तुमच्या देशाची फार मोठी हानी झाली म्हणून.

“मी आयर्लंडातनं परत आलो,” सीनण्णा म्हणाले. “शेजारची म्हातारी भांडंभर सूप घेऊन आली. चांगली बाई. चारूला पियानो तीच शिकवायची. मला जवळ घेऊन रडली आणि म्हणाली, ‘तुमच्या देशात हे असं काय चालतं रे बाबा.’ मी तिला सांगितलं, ‘मादाम, विमान इथनंच सुटलं. माणसं इथलीच होती. आणि बाँबही इथंच ठेवला.’ तिला काही कळलं नाही. सूप गरम करून घे म्हणाली.”

वर्षभर ते त्या घरात राहिले. मग थोरले भाऊ विठ्ठलराव जाऊन त्यांना बेंगळुरूला घेऊन आले. आले ते आलेच. पण नागरिकत्व त्यांनी सोडलं नाही. पत्रांत त्यांचं मागणं एवढंच असायचं, की माझी पत्नी आणि मुलगी तुमच्या नागरिक होत्या. त्यांच्या देशाने त्या आपल्या होत्या असं एका ओळीत लिहून द्यावं. बाकी काही नको. उत्तरं यायची, नाही असं नाही. जाड, गुळगुळीत कागदावर यायची. आपल्या भावना संबंधितांकडे पोचवल्या आहेत. आपल्या समाजाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. ‘आपल्या समाजाच्या’ या शब्दांखाली सीनण्णा तांबड्या पेन्सिलीने रेघ मारत आणि कागद फायलीत लावत. नकाशातली चूक दाखवायला ते हीच पेन्सिल वापरायचे.

एकदा न राहवून मी विचारलं, “ज्यांनी साधी विचारपूस केली नाही, त्यांचा देश अजून आपला का म्हणता?”

ते रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी नागरिकत्वाच्या शपथेचा दिवस सांगितला. एका हॉलमध्ये चाळीस-पन्नास माणसं होती, इटलीची, पोर्तुगालची, हैतीची. काळा झगा घातलेल्या एका बाईने शपथ दिली आणि मग एकेकाचा हात हातात घेतला. सीनण्णांना ती म्हणाली, “आता हा देश तुमचाही आहे. चुकला तर त्याला सांगायचं काम तुमचं.”

“आजवर इतक्या विश्वासानं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं,” सीनण्णा म्हणाले. “म्हणून सांगतोय. तक्रार घरच्याकडंच करतात, अम्मा. पाहुण्यानं कसली तक्रार करायची? ज्या दिवशी मी पत्र लिहायचं सोडीन, त्या दिवशी त्यांचंच खरं होईल.”

वर्षातून एकदा त्यांना पोलीस आयुक्तांच्या कचेरीत जाऊन परदेशी माणूस म्हणून नोंद करावी लागे. एकदा मी कागद घेऊन सोबत गेले होते. खिडकीपलीकडचा कारकून चामराजपेटेतलाच निघाला. “अण्णा, तुमच्या घरासमोरच्या शाळेत मी शिकलो,” तो कानडीत म्हणाला. “तुम्ही परदेशी कसले? अर्ज करा, वर्षा-दोन वर्षांत भारतीय होऊन जाल. ही दरवर्षीची कटकट कशाला?” त्याने कोरा अर्जही पुढे केला. सीनण्णांनी तो विनयाने परत सरकवला. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर थोडा वेळ बसून राहिले. “सगळी भलीच माणसं भेटतात बघ,” म्हणाले. त्यांच्या तोंडी हे कौतुक वाटलं नाही.

त्यांच्या भावाचंही म्हणणं तेच होतं. विठ्ठलराव बँकेतून निवृत्त झालेले, घरात त्यांचा शब्द चालायचा. मी एकदा घरी गेले असताना माझ्यासमोरच म्हणाले, “सीना, तिकडं तुझं कोण आहे सांग. थडगंसुद्धा नाही. इथं आम्ही आहोत, पोराबाळांना काका आहेस. मग हा हट्ट कुणासाठी?”

“चारूसाठी,” सीनण्णा म्हणाले. “मी इथला झालो की तीही इथलीच होती असं ठरतं. मग त्यांचा फोन बरोबर ठिकाणी गेला म्हणायचा.”

वहिनी, विठ्ठलरावांच्या पत्नी, आत निघून गेल्या. त्या घरात चारूचं नाव सहसा कुणी घेत नसे.

पंचाण्णव सालच्या ऑक्टोबरच्या शेवटी क्युबेक या प्रांताने कॅनडातून वेगळं व्हायचं की नाही यावर मतदान झालं. मॉन्ट्रियल त्याच प्रांतात आहे. आमच्याकडे याची दखल कोण घेतो? पण तिथे रात्री होणारी मोजणी आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकू येणार होती. सीनण्णा पहिली पाळी सुरू व्हायच्या आधीच छोटा रेडिओ घेऊन कँटीनमध्ये बसले. खरखर फार होती. मी बसमधून उतरून आले तेव्हा त्यांच्यापुढची कॉफी निवून गेली होती आणि ते कान रेडिओला लावून कागदावर आकडे लिहीत होते. फुटायचं म्हणणारे पुढे होते. नंतर ते मागे पडले.

“तुम्हाला काय वाटतं, काय होईल?” मी विचारलं.

“गप,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्याशी ते असं फक्त त्या एकदा बोलले.

जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने देश राहिला. त्यांनी रेडिओ बंद केला. शिवलिंगप्पा चहा घ्यायला आले होते, म्हणाले, “एवढं काय त्यात? फुटला तर फुटला. आमचा नाही का फुटला?”

“देशच उरला नाही,” सीनण्णा म्हणाले, “तर पत्र कुणाला लिहू?”

शिवलिंगप्पांनी आपला चहा सीनण्णांपुढे सरकवला आणि स्वतःसाठी दुसरा सांगितला.

पुढच्या वर्षी मालकांनी कॅनडाचं एक गिऱ्हाईक मिळवलं. एक वयस्क साहेब आणि त्यांचा मदतनीस कारखाना पाहायला येणार होते. मालकांनी सीनण्णांना बोलावून सांगितलं, तुम्हीच सगळं दाखवा, तुमचीच माणसं. त्या आठवड्यात सीनण्णा मला वेगळेच दिसले. माहेरचं माणूस येणार असलेल्या सासुरवाशिणीसारखे ते सारखं काहीतरी झटकत, पुसत होते. तपासणीच्या खोलीला स्वतःच्या देखरेखीखाली रंग लावून घेतला. शिवलिंगप्पांना फ्रेंच नमस्कार, ‘बोंझूर’, म्हणायला शिकवलं.

पाहुणे आले. साहेब उंच, हसतमुख, अदबशीर होते. मी टिपणं घ्यायला मागे मागे होते, म्हणून सगळं ऐकलं. सीनण्णांनी काम फार सुरेख समजावलं. साहेब खूश होऊन म्हणाले, “तुमचं इंग्रजी उत्तम आहे. कुठे शिकलात?”

“थोडं इथं. बाकी मॉन्ट्रियलमध्ये,” सीनण्णा म्हणाले. “मीही कॅनेडियन आहे. लाशीनमध्ये राहायचो, कालव्याच्या बाजूला.”

“अरे वा. म्हणजे तिथे कामाला होतात. आणि मूळचे इथले?”

“कॅनेडियन आहे,” सीनण्णा पुन्हा म्हणाले.

“हो, हो. पण मूळचे?”

सीनण्णा हसले आणि चामराजपेट म्हणाले. साहेबांचं समाधान झालं.

जेवणाच्या वेळी साहेबांनी घरच्यांची चौकशी केली. सीनण्णांनी दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी हातातला चमचा खाली ठेवला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले. “मला आठवतं ते,” ते म्हणाले. “भयंकर होतं. तुमच्या लोकांवर फार मोठा घाव पडला.”

“तुमच्याही,” सीनण्णा म्हणाले.

“काय म्हणालात?”

“तुमच्याही लोकांवर. त्यातले बहुतेक आपलेच होते. कॅनडाचे.”

साहेब क्षणभर गोंधळले. “अर्थात,” ते म्हणाले. “अर्थात, एका अर्थी.” आणि मालकांकडे वळून त्यांनी सांबाराचं कौतुक केलं.

पाहुणे गेल्यावर कँटीनमध्ये लोकांना चेव आला. एकाने साहेबांची नक्कल केली. “मूळचे कुठले, मूळचे कुठले? सीनण्णा, तुमच्या गाववाल्यांनी तुम्हाला ओळखलंच नाही की.” मला वाटलं, आज तरी ते त्या देशाला चार शिव्या घालतील. ते म्हणाले, “चांगला माणूस होता. वाईट असता तर भांडलो असतो.” मग हात धुऊन तपासणीच्या खोलीत गेले आणि पाळी संपेपर्यंत बाहेर आले नाहीत. त्या महिन्यात त्यांनी पत्र लिहायला घेतलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा आले, “नोडम्मा,” म्हणत.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात भारताने अणुचाचणी केली. पीण्याच्या गल्ल्यांतून फटाके वाजले. आमच्याकडे शिवलिंगप्पांनी स्वतः मैसूरपाक आणला आणि सगळ्यांना वाटला. मीही खाल्ला, मलाही छाती फुगल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बातमी आली, की कॅनडाने निषेध म्हणून आपला राजदूत परत बोलावला. त्या दिवशी पुन्हा चाचण्यांचं बोलणं निघालं आणि उरलेल्या मैसूरपाकाचा डबा फिरत फिरत सीनण्णांपुढे आला.

“घ्या,” शिवलिंगप्पा म्हणाले. “की तुमच्या देशाची परवानगी लागते?”

“नको,” सीनण्णा म्हणाले. “माझा देश यावर नाराज आहे.”

“आणि तुम्ही?”

“मीही.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मग जा की तिकडं.” सीनण्णांनी मागे वळून पाहिलं नाही. “तिकडं असताना म्हणायचे, जा इकडं,” ते म्हणाले, आणि माप घ्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावर कुणीतरी खडूने कानडीत ‘देशद्रोही’ असं लिहिलेलं होतं. आम्ही सगळे आपापल्या जागेवरून बघत होतो. सीनण्णा आले, त्यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लिहिणाऱ्याने एक जोडाक्षर चुकवलं होतं. त्यांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली, चुकलेल्या जागी नीट अक्षर काढलं, आणि मग यंत्रं पुसायच्या कॉटन वेस्टने सगळं पुसून टाकलं.

मला तेव्हा त्यांची दया आली नाही हे मी कबूल केलं पाहिजे. मलाही त्यांचा राग आला होता. इथलं खायचं, इथल्या माणसांत राहायचं, आणि घासभर गोडही मनापासून घ्यायचं नाही, हे मला माजोरं वाटत होतं. आठवड्याभराने ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. “नोडम्मा,” म्हणाले, “एक पत्र होतं. त्यांनाही सांगायला पाहिजे. राजदूत बोलावला ते बरोबर केलं, पण लोकांशी बोलणं तोडू नका म्हणून.”

मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “आज वेळ नाही, सर.”

“सरी. उद्या?”

“उद्याही नाही.”

ते कागदाची घडी करून उठले. त्यानंतर ते जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यातल्या जुन्या टाइपरायटरवर दोन बोटांनी पत्र बडवताना दिसायचे. एका एका ओळीला त्यांना पाच पाच मिनिटं लागायची. मी माझ्या टेबलावर डबा खायची. मनात यायचं, उठावं आणि करून द्यावं. पण नंतर बघू म्हणून टाळत राहिले. आमचं बोलणं चालू होतं, कामापुरतं. आपण कुणाला काय नाकारलं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. त्या माणसाला मागण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

नव्याण्णवच्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, विठ्ठलरावांचा मुलगा आमच्या दारात आला. काका गेले, म्हणाला. पहाटे छातीत दुखलं, जवळच्या खासगी दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. बाबांनी तुम्हाला बोलावलंय.

मला कशाला बोलावलं, ते गेल्यावर कळलं. विठ्ठलराव दवाखान्याच्या बाकावर बसले होते. थंडीतही त्यांना घाम आला होता. हातात मृत्यूची माहिती भरायचा छापील कागद होता. “माझा हात हलतोय,” ते म्हणाले. “तू भर. त्याचं सगळं तुला पाठ आहे.”

मी भरायला घेतलं. नाव, वडिलांचं नाव, वय, पत्ता. पुढच्या ओळीवर माझं पेन थांबलं. राष्ट्रीयत्व.

विठ्ठलरावांनी वाकून पाहिलं. “भारतीय लिही,” ते म्हणाले.

“अण्णा, पण ते...”

“मला माहीत आहे तो काय होता.” त्यांचा आवाज खाली होता. “तू कॅनडा लिहिलंस की आधी पोलीस येतील. मग दिल्लीला त्यांच्या वकिलातीला कळवा, त्यांची परवानगी येईपर्यंत थांबा. आज रविवार. दोन दिवस, तीन दिवस, कोण जाणे. तोवर माझा भाऊ बर्फावर ठेवू? एक भावजय मी तशी पेटीतनं आलेली बघितली. आता पुरे.”

ते हात जोडून म्हणाले, “सुमनम्मा, मी त्याच्या आयुष्यात त्याला एकदाही अडवलं नाही. आज मला माझा भाऊ माझ्या हातानं जाळू दे.”

कारकून खिडकीतून विचारत होता, झालं का. मी चांगल्या, स्वच्छ अक्षरात ‘भारतीय’ असं लिहिलं. ज्या हाताने पाच वर्षं पत्रं टाइप केली त्याच हाताने. कारकुनाने न वाचताच शिक्का मारला आणि चतकोर कागद फाडून दिला.

दुपारी त्यांना चामराजपेटेच्या घरी आणलं. वहिनींनी आणि शेजाऱ्यांनी सगळं यथासांग केलं होतं. शिवलिंगप्पा आले होते, लेथवरचे पाच-सहा जण आले होते. मी गर्दीतून पुढे झाले. त्यांना नवं पांढरं धोतर नेसवलं होतं, कपाळावर गंध, गळ्यात तुळशीची माळ, तोंडात गंगेचं पाणी घातलेलं. सहा वर्षांत मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. चामराजपेटेतून कधी बाहेरच न पडलेला कुणी म्हातारा निजला असावा तसे ते दिसत होते. शेजारची एक बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, “शेवटी आपल्या मातीत आला बिचारा. समाधान आहे.” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मग पुरुषमंडळी त्यांना उचलून घेऊन गेली. गल्लीच्या वळणापर्यंत ते पांढरं धोतर आणि बाहेर आलेले दोन पाय दिसत होते, पुढे दिसेनासे झाले.